सायकलीची दुरून खरेदी आणि गावातील दुकान : विक्रीपद्धतीच्या इतिहासातील एक प्रकरण

१

यंत्रांच्या इतिहासात शोध आणि उत्पादन ह्यांना जेवढे स्थान मिळते तेवढे विक्रीला मिळत नाही. सायकलही ह्याला अपवाद नाही. जॉन केम्प स्टार्ली ह्याने १८८५ साली कॉव्हेंट्री येथे मागील चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल सिद्ध केली आणि १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप ह्याने बेलफास्टमध्ये हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. हे टप्पे सर्वपरिचित आहेत. परंतु कारखान्यातून निघालेली सायकल स्वाराच्या हाती कोणत्या वाटेने पोहोचली, त्या वाटेवर तिच्यावर कोणी किती श्रम केले आणि त्या श्रमांचे मोल कोणी दिले, हा प्रश्न बहुधा मागे राहतो.

सायकल संगणकावरून मागवावी की गावातील दुकानातून घ्यावी, हा आजच्या ग्राहकापुढील प्रश्न वरवर पाहता अगदी नवा वाटतो. त्याचे उत्तरही बहुतेक वेळा केवळ किमतीच्या तुलनेने दिले जाते. वस्तुतः हा वाद सव्वाशे वर्षांचा आहे. भारतात आज इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या पुष्कळ सायकलींच्या वर्णनात ‘८५ टक्के जोडलेली’ असे शब्द आढळतात. सगळा वाद उरलेल्या १५ टक्क्यांचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. सायकल कारखान्यात पूर्ण होत नाही. हँडल बसविणे, चाकाचा आउट काढणे, ब्रेक लावणे, स्वाराच्या उंचीप्रमाणे सीट ठरविणे आणि पहिल्या काही आठवड्यांच्या वापरानंतर ढिले पडलेले आरे पुन्हा ताणणे ह्या क्रिया झाल्याखेरीज ती वापरण्याजोगी होत नाही. विक्रीची पद्धत बदलली म्हणून हे काम नाहीसे होत नाही. ते एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते, एवढेच. हे विधान अमेरिकेतील विक्रीपद्धतीच्या इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अमेरिकेचीच निवड करण्याचे कारण असे की, दुरून विक्री आणि दुकानातील विक्री ह्यांचा संघर्ष तेथे सर्वांत आधी व सर्वांत उघडपणे झाला आणि त्याचे पडसाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत उमटले.

२

अमेरिकेत सायकलींचे कारखानदारी उत्पादन आल्बर्ट पोप ह्याने १८७८ साली सुरू केले. हार्टफर्ड येथील शिवणयंत्रांच्या एका कारखान्यात त्याने आपल्या ‘कोलंबिया’ सायकली बनवून घेतल्या. पोपपुढे पहिली अडचण होती ती ग्राहकाला सायकल चालविता येत नसण्याची. त्यामुळे सायकल विकणे आणि ती चालविण्यास शिकविणे ही कामे प्रारंभापासून एकमेकांशी निगडित झाली. पोपने सायकल शिकविण्याच्या शाळा काढल्या, गावोगावी अधिकृत विक्रेते नेमले आणि सर्वत्र एकच ठरीव किंमत ठेवण्याचा आग्रह धरला. कोलंबियाची किंमत आधी १२५ डॉलर होती, ती १८९५ साली १०० डॉलरवर आली. ही किंमत सामान्य माणसाला जड होती खरी, परंतु तिच्यात विक्रेत्याच्या जोडणीचे, शिकवणीचे आणि पुढील दुरुस्तीचे मोल अंतर्भूत होते.

असे दुकान म्हणजे नुसती विक्रीची जागा नव्हती. तो एक लहानसा कारखानाच असे. ओहायो राज्यातील डेटन येथे ऑर्विल व विल्बर राइट ह्या बंधूंनी १८९२ च्या अखेरीस सायकलींचे दुकान थाटले. आरंभी विक्री, भाड्याने देणे आणि दुरुस्ती एवढाच व्यवसाय होता. १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले. त्यांच्या विमानविषयक प्रयोगांचा खर्च ह्या दुकानाच्या नफ्यातून निघाला आणि १९०३ च्या विमानाचे इंजिनही ह्याच दुकानात काम करणाऱ्या चार्ली टेलर ह्या कारागिराने तयार केले. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक घटना येथे सहजच आठवते. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून, बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून मानला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकून गिऱ्हाइकांना चालवावयासही शिकवीत. त्या दुकानाच्या पाठोपाठ कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर आले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. डेटन आणि बेळगाव ह्यांची परिस्थिती भिन्न होती आणि दोन्ही ठिकाणची माणसे असामान्य होती. म्हणून प्रत्येक सायकल-दुकानातून एखादा उद्योग जन्मास येतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. तथापि सायकलीच्या दुकानात यांत्रिक कौशल्याचा संचय होत असे, आणि तो गावाच्या अन्य कामी येत असे, एवढे ह्या दोन उदाहरणांवरून निश्चित म्हणता येते.

३

दुकानाच्या ह्या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो अतिरिक्त उत्पादनामुळे. १८९९ साली अमेरिकेत तीनशेहून अधिक कारखाने होते आणि त्यांतून अकरा लाखांहून अधिक सायकली बाहेर पडल्या. तत्पूर्वी दोनएक वर्षांपासूनच मागणी मंदावली होती. पोप व ए. जी. स्पाल्डिंग ह्यांच्या पुढाकाराने १८९९ साली अनेक उत्पादकांना एकत्र आणून ‘अमेरिकन बायसिकल कंपनी’ स्थापन झाली, परंतु १९०२ साली ती न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या स्वाधीन झाली. १९०४ साली वार्षिक उत्पादन अडीच लाखांच्या आसपास उतरले होते. गोदामांत पडून राहिलेला माल कोठेतरी खपविणे भाग होते. ही वाट टपालविक्री करणाऱ्या पेढ्यांनी दाखविली.

ह्या पेढ्यांपैकी माँटगोमेरी वॉर्ड ही १८७२ साली चिकागोत स्थापन झाली होती आणि सीअर्स, रोबक ही १८९० नंतरच्या दशकात पुढे आली. त्यांची सचित्र सूचिपत्रे शेतकऱ्यांच्या घरोघरी जात आणि त्यांत कापडापासून शेगडीपर्यंत सर्व वस्तूंच्या जोडीला सायकलीही असत. अधिकृत विक्रेत्याच्या किमतीच्या मानाने सूचिपत्रातील किंमत कितीतरी कमी असे. न पाहिलेली वस्तू घ्यावयाची कशी, ही ग्राहकाची स्वाभाविक शंका दूर करण्यासाठी आधी पैसे न पाठविता माल स्टेशनावर पाहून घेण्याची सवलत सीअर्सने काही काळ दिली. आपल्याकडील व्ही. पी. पद्धतीशी तिचे साम्य आहे. चिकागोच्याच मीड सायकल कंपनीने आपल्या ‘रेंजर’ सायकलीसाठी काही दिवस वापरून पाहण्याची आणि न पटल्यास परत करण्याची मुभा दिली. आज इंटरनेटवरील विक्रीची वैशिष्ट्ये म्हणून जी सांगितली जातात, ती विस्तृत निवड, कमी किंमत, माल हाती आल्यावर पैसे आणि परत करण्याची सोय ही चारही वैशिष्ट्ये पहिल्या महायुद्धापूर्वीच अस्तित्वात होती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

मीड कंपनीच्या पद्धतीतील एक अंग विशेष लक्षणीय आहे. तिच्या जाहिरातींत गावोगावी ‘स्वार-प्रतिनिधी’ हवे असल्याचे आवाहन असे. अशा प्रतिनिधीने नमुन्याची सायकल स्वस्तात घ्यावी, ती गावात फिरवावी आणि इतरांकडून मागण्या गोळा कराव्यात, अशी ती योजना होती. दुकानदाराला वगळू पाहणाऱ्या पेढीलाही गावात वस्तू दाखविणारा कोणी माणूस लागलाच. दुकान टाळता आले तरी दुकानाचे काम सर्वस्वी टाळता आले नाही.

४

टपालविक्रीचा हा इतिहास केवळ दुकानदाराच्या दृष्टीने लिहिला तर तो एकांगी होईल. ग्रामीण दुकानदार हा पुष्कळदा त्या परिसरातला एकमेव विक्रेता व एकमेव सावकार असे. त्याच्या किमती छापील नसत, गिऱ्हाईक पाहून ठरत. दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय ग्राहकाला दुकानात ताटकळत ठेवले जाई, अपमान सोसावा लागे आणि उधारीच्या बंधनामुळे अन्यत्र जाण्याचीही सोय नसे. सूचिपत्रात मात्र सर्वांना एकच किंमत होती आणि मागणीपत्रावर मागणाऱ्याचा वर्ण दिसत नसे. दुरून खरेदी करण्यात ह्या लोकांना जी प्रतिष्ठा लाभली तिचे मोल पैशांत होणार नाही. गावातील दुकानाचा जिव्हाळा सर्वांच्या वाट्याला सारखाच येत होता असे गृहीत धरणाऱ्यांनी ह्या वस्तुस्थितीचा विचार केला पाहिजे.

दुकानदारांनी ह्या स्पर्धेला कडवा विरोध केला. काही गावांत सूचिपत्रांच्या होळ्याही झाल्या. ग्रामीण भागात घरपोच टपाल देण्याचा प्रयोग १८९६ साली सुरू झाला होता आणि १ जानेवारी १९१३ रोजी पार्सल टपालाची व्यवस्था अमलात आली. ही व्यवस्था होऊ नये म्हणून किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनांनी प्रदीर्घ खटपट केली होती. सायकलीपुरते पाहिले तर ह्या भीतीत एक विसंगती होती. आरंभी पार्सलाच्या वजनाची मर्यादा अवघी ११ पौंड असल्यामुळे संपूर्ण सायकल टपालाने जाऊच शकत नव्हती. ती रेल्वेने जवळच्या स्टेशनावर येई आणि तेथून ती घरी नेणे व जोडणे ग्राहकावर पडे. टायर, ट्यूब, पायडल असे सुटे भाग मात्र टपालाने सहज येऊ लागले. परिणामी सायकल विकण्यात जो नफा होता तो दूरच्या पेढीकडे आणि ती चालू ठेवण्याचे कष्ट गावातील कारागिराकडे, अशी विभागणी होत गेली.

ह्या विभागणीचा भार नेमका कोठे पडतो हे एका लहानशा उदाहरणाने स्पष्ट होईल. सायकलीच्या डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो. पाय मारता मारता पायडल आपोआप सुटू नये म्हणून ही योजना आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो ते नेहमीप्रमाणे उजवीकडे फिरवून बसवू पाहतो आणि जोर लावल्यास क्रँकचा आटा कायमचा खराब करतो. दुकानात हे काम दोन मिनिटांत होते आणि त्याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही. घरी मात्र ते अज्ञानाचे मोल ठरते. सूचिपत्रातील किंमत आणि दुकानातील किंमत ह्यांतील फरकाचा सगळा भाग दुकानदाराची नफेखोरी नव्हती, आणि सगळा भाग त्याचे श्रमही नव्हते. ह्या दोहोंचे प्रमाण जागोजागी निराळे होते, हेच ऐतिहासिक सत्य आहे.

५

ह्या संघर्षाचे दुसरे पर्व दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे. चिकागो येथे १८९५ साली स्थापन झालेली आर्नल्ड, श्विन ही पेढी आपल्या सायकलींचा मोठा भाग इतर विक्रेत्यांच्या नावांनी पुरवीत असे. १९५० साली तिने, अगदी थोडा अपवाद वगळता, ही प्रथा सोडली. प्रत्येक सायकलीवर स्वतःचे नाव व स्वतःची हमी असावी आणि ती सायकल जोडणी व दुरुस्ती करू शकणाऱ्या दुकानांतूनच विकली जावी, हे तिचे नवे धोरण होते. त्यासाठी तिने वितरकांना प्रदेश वाटून दिले आणि नेमलेल्या विक्रेत्यांनी केवळ प्रत्यक्ष वापरणाऱ्यालाच सायकल विकावी, सवलतीच्या दुकानांना पुरवू नये, असे बंधन घातले.

सरकारने १९५८ साली ह्या व्यवस्थेविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली निर्णय दिला. एकदा माल विकून टाकल्यावर तो पुढे कोणाला व कोठे विकावा ह्याविषयी उत्पादकाने बंधने घालणे अंगभूतच बेकायदेशीर होय, असे न्यायालयाने ठरविले. जेथे मालकी आणि जोखीम उत्पादकाकडेच राहते व दुकानदार केवळ प्रतिनिधी असतो, तेथे मात्र वाजवीपणाची कसोटी लावावी, असेही म्हटले. निकालपत्रात नमूद झालेले आकडे उद्बोधक आहेत. १९५१ साली श्विनचा बाजारातील हिस्सा २२.५ टक्के होता, तो १९६१ साली १२.८ टक्क्यांवर आला. त्याच काळात मरी ओहायो ह्या कंपनीचा हिस्सा ११.६ वरून २२.८ टक्क्यांवर गेला. ही कंपनी आपला माल मुख्यतः सीअर्स आणि तत्सम मोठ्या विक्रेत्यांना पुरवीत असे. जिच्यावर स्पर्धा रोखल्याचा आरोप होता ती पेढीच स्पर्धेत मागे पडत होती, हा ह्या खटल्यातील विपर्यास होय.

ह्या काळात अर्थशास्त्रज्ञांनीही ह्या प्रश्नाला हात घातला होता. लेस्टर टेल्सर ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असा विचार मांडला की, ग्राहक एका दुकानात माहिती व सल्ला फुकट घेतो आणि वस्तू मात्र सल्ला न देणाऱ्या स्वस्त दुकानातून विकत घेतो. असे होत राहिल्यास सल्ला देणारे दुकान टिकणार नाही. म्हणून उत्पादकाने किमतीवर व विक्रीवर काही बंधने घालण्यात केवळ लोभच असतो असे नाही. ह्या विचाराचा प्रभाव वाढत गेला आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी संचांच्या विक्रीसंबंधीच्या एका खटल्यात श्विनचा निर्णय रद्द ठरवून अशा सर्व बंधनांना वाजवीपणाची कसोटी लागू केली. सल्ला आणि सेवा ह्यांनाही किंमत असते आणि ती कोणीतरी मोजावी लागते, ही गोष्ट कायद्याने अशा प्रकारे दहा वर्षांनी मान्य केली.

श्विनला त्याचा फारसा लाभ झाला नाही. १९६७ नंतर तिने स्वतंत्र वितरकांच्या जागी स्वतःची प्रादेशिक गोदामे उभारली होती. पुढे उत्पादनातील चुका व परदेशी स्पर्धा ह्यांमुळे १९९२ साली तिचे दिवाळे निघाले. २००१ साली पुन्हा तोच प्रसंग आला आणि तिचे नाव पॅसिफिक सायकल ह्या कंपनीने विकत घेतले. त्यानंतर श्विन नावाच्या सायकली मोठ्या सवलतींच्या भांडारांत विकल्या जाऊ लागल्या. ज्या प्रकारच्या विक्रीला तिने पन्नास वर्षांपूर्वी नकार दिला होता, तिच्यातच तिच्या नावाचे पर्यवसान झाले.

६

तिसरे पर्व इंटरनेटचे. जर्मनीतील कोब्लेंझ येथील कॅन्यन कंपनीने दुकानांना वगळून थेट ग्राहकाला सायकल पाठविण्याची पद्धत रूढ केली आणि २०१७ साली अमेरिकेत प्रवेश केला. ग्राहकाला मिळणाऱ्या खोक्यात सायकलीबरोबर जोडणीची हत्यारेही असतात. म्हणजे दुकानाचे उरलेले काम येथे उघडपणे ग्राहकाच्या हाती सोपविले जाते, आणि त्याच्या बदल्यात किंमत कमी होते. ज्याला हे काम येते त्याच्या दृष्टीने हा व्यवहार न्याय्य आहे. उलटपक्षी, अमेरिकेतील ट्रेक कंपनीने २०१५ साली निराळी योजना जाहीर केली. ग्राहकाने मागणी इंटरनेटवर नोंदवावी, परंतु सायकल त्याच्या जवळच्या विक्रेत्याकडे जावी, तेथे ती जोडली जावी आणि विक्रेत्याला त्याच्या सेवेचा मोबदला मिळावा, असे तिचे स्वरूप होते. सल्ला व जोडणी ह्यांचे मोल वस्तूच्या किमतीतून वेगळे काढण्याचा हा प्रयत्न आहे.

ह्याच पर्वात जुन्या इतिहासाची पुनरावृत्तीही झाली. २०२० च्या साथीत ब्रिटनमधील बहुतेक दुकाने बंद असताना सायकलींच्या दुकानांना उघडे राहण्याची मुभा मिळाली. सायकल हे वाहन असल्यामुळे तिची दुरुस्ती थांबवून चालत नाही, हे शासनाने मान्य केले. मागणी एकाएकी वाढली, उत्पादकांनी व विक्रेत्यांनी भरमसाट माल मागविला आणि मागणी ओसरताच गोदामे भरून राहिली. मूळ दुकानांतूनच वाढलेल्या विगल आणि चेन रिॲक्शन सायकल्स ह्या दोन ब्रिटिश इंटरनेट-पेढ्या २०१६ साली एकत्र आल्या होत्या. त्यांचा संयुक्त व्यवसाय २०२३ साली दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेला. १८९७ नंतरच्या मंदीत दुकाने बुडाली व टपालविक्री वाढली. २०२२ नंतरच्या मंदीत दुरून विकणाऱ्यालाही आपला तोल सांभाळता आला नाही. तेव्हा एक पद्धत पुरोगामी व दुसरी कालबाह्य अशी वाटणी इतिहास मान्य करीत नाही.

७

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, दुरून खरेदीची पद्धत इंटरनेटने निर्माण केलेली नाही. इंटरनेटने तिची गती व व्याप्ती वाढविली. दुसरी गोष्ट अशी की, ह्या पद्धतीने अनेकांना स्थानिक दुकानदाराच्या मनमानीतून सोडविले, आणि हा लाभ नाकारून दुकानाचा गौरव करता येणार नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, सायकलीची अखेरची जोडणी व पुढची निगा हे काम प्रत्येक पर्वात शिल्लक राहिले आणि प्रत्येक पर्वात ते निराळ्या माणसावर पडले. पोपच्या काळात त्याचा मोबदला किमतीतच मिळे, सूचिपत्राच्या काळात तो गावातील कारागिराला पंक्चर व दुरुस्तीच्या तुटपुंज्या आकारातून काढावा लागे, श्विनने तो बंधनांच्या द्वारे राखू पाहिला, आणि आज तो स्वतंत्र सेवा म्हणून मागावा लागतो किंवा ग्राहक स्वतःच्या श्रमांनी फेडतो.

म्हणून दोन किमतींची तुलना करणाऱ्याने प्रथम हे विचारावे की, कमी किमतीत कोणते काम वगळले आहे आणि ते आता कोण करणार आहे. स्वतः करण्याचे कौशल्य असेल तर दुरून खरेदी करण्यात तोटा नाही. ते नसेल आणि गावात कारागीर असेल, तर त्याच्या कामाचे पैसे सायकलीच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी लागेल. परंतु कारागीरच उरला नसेल तर हा हिशेब मांडताच येत नाही, कारण जे काम कोणत्याही किमतीला मिळत नाही त्याची किंमत शून्य धरणे ही हिशेबातील मोठी चूक होय. गावातील सायकल-दुकानांच्या जमाखर्चाच्या वह्या, भाड्याच्या नोंदी आणि जुनी सूचिपत्रे आपल्याकडे अजून कोठे कोठे शिल्लक आहेत. विक्री आणि दुरुस्ती ह्यांच्या उत्पन्नाचे प्रमाण कालानुक्रमे कसे बदलत गेले हे त्यांवरून दाखविता येईल, आणि अमेरिकेच्या इतिहासावरून काढलेले हे निष्कर्ष आपल्या परिस्थितीला कितपत लागू पडतात ह्याचा निर्णय अशा साधनांच्या अभ्यासानेच होऊ शकेल.